एकोणीस खुर्च्यांचे विमान

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात माझे बाबा कामानिमित्त पुण्याहून हैदराबादला जात असत. एरवी रात्रभराचा रेल्वेप्रवास ठरलेला असे. पण साहेबांना काम उद्याच्या उद्या हवे असले की कंपनी विमानाचे तिकीट काढून देई, आणि मग नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आदल्या संध्याकाळपासून लगबग सुरू होई. आई ठेवणीतल्या शर्टाला इस्त्री करी, आजी दर तासाने "पाऊस नाही ना रे फार?" असे विचारी आणि मी व धाकटी बहीण एकाच आशेवर असू, की बाबा परत येताना विमानात मिळालेल्या गोळ्या न खाता आमच्यासाठी खिशात घालून आणतील. गोळ्यांबरोबर कानात घालायला कापसाचे छोटे बोळे मिळत. त्यातला एक बोळा मी कितीतरी दिवस कंपासपेटीत जपून ठेवला होता आणि वर्गात तो विमानातला कापूस म्हणून दाखवत असे.

ते विमान वायुदूतचे होते. आज पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाला हे नाव सांगितले तर तो बहुधा कुरिअर कंपनी समजेल. माझ्या पिढीतल्यांनाही वायुदूत आठवते ते "ती बंद पडलेली सरकारी विमान कंपनी" एवढ्याच ओळखीने, आणि सरकारी म्हणजे बंद पडणारच, असे म्हणून विषय संपतो. माझे मत जरा वेगळे आहे. वायुदूत ज्या कारणाने बुडाली ते कारण तिच्या जन्माच्या वेळीच कागदावर होते, आणि पुढेही जो कोणी छोट्या विमानांच्या धंद्यात उतरला त्याच्यासमोर तेच कारण नव्या कपड्यांत उभे राहिले.

वायुदूत सुरू झाली २६ जानेवारी १९८१ रोजी. तिचे दोन पालक होते, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया, आणि दोघांची भागी समसमान. उद्देश होता ईशान्य भारत. तिकडे डोंगर, ब्रह्मपुत्रेसारखी नदी आणि पावसाळ्यात खचणारे रस्ते यांमुळे जमिनीवरून जाणे म्हणजे दिवसच्या दिवस मोडणे. उलट दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणि चीनला रसद पोहोचवण्यासाठी आसामात बांधलेल्या धावपट्ट्या आयत्याच पडलेल्या होत्या. धावपट्ट्या आहेत, माणसे आहेत आणि रस्ते नाहीत, अशा ठिकाणी लहान विमाने सोडणे यात काही चुकीचे नव्हते. चूक होती ती पुढची. ही सेवा धंदा म्हणून चालावी, अशी अपेक्षा होती. दुर्गम भागाला जोडणे हे सरकारचे कर्तव्य आणि त्याचा खर्च मात्र कंपनीच्या खात्यावर, अशी ही व्यवस्था होती. एसटीचा आडगावचा मुक्कामी फेरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच की एसटीच्या तोट्यातल्या फेऱ्यांमागे पुणे-मुंबईसारख्या भरलेल्या फेऱ्या असतात. इंडियन एअरलाइन्सने आपल्या भरलेल्या फेऱ्या आपल्याकडेच ठेवल्या होत्या.

विमानेही सुरुवातीला थोरल्या भावाचे कपडे धाकट्याने घालावेत तशी मिळाली. इंडियन एअरलाइन्सने १९६१ पासून वापरलेली फोकर फ्रेंडशिप आणि कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, बांधलेली एचएस ७४८ ही दोन्ही चाळीस-बेचाळीस प्रवाशांची, दोन पंख्यांची विमाने. आपल्या काळात ती उत्तम होती, पण विमान जुने झाले की ते दुरुस्तीत अधिक आणि आकाशात कमी दिसू लागते आणि जमिनीवर उभ्या विमानाचा खर्च थांबत नाही. त्यामुळे नवे विमान हवे होते, आणि ते आले जर्मनीहून.

डॉर्निअर २२८ हे विमान भारतात बांधण्याचा परवाना एचएएलने १९८३ मध्ये घेतला. पहिली काही विमाने तयार आली, आणि १९८६ पासून कानपूरच्या कारखान्यातून निघालेली विमाने वायुदूतकडे जाऊ लागली. बाबा ज्यात बसत ते हेच. एकोणीस प्रवासी, पंखांवर पंखे फिरवणारी दोन टर्बोप्रॉप इंजिने, लांबट नाक, आणि चौकोनी पेटीसारखे अंग. आखूड धावपट्टीवरून उडणे आणि उतरणे हा त्याचा खास गुण. ऐषाराम हा नव्हे. केबिनची उंची जेमतेम दीड मीटरच्या वर, त्यामुळे बाबांसारख्या पाच फूट आठ इंचाच्या माणसाला आपल्या जागेपर्यंत वाकूनच जावे लागे. "पालखीखालून जातात ना, तसे जायचे," असे त्यांनी आजीला समजावले होते, आणि तेव्हापासून आजीच्या मनात त्या विमानाबद्दल थोडा आदर निर्माण झाला होता. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. स्वच्छतागृह नाही. वैमानिकांच्या आणि प्रवाशांच्या मध्ये दार नव्हते, नुसता पडदा. तो सरकलेला असला की पुढच्या खुर्चीवरून वैमानिकाचे हात, डोक्यावरची बटणे आणि समोरचे ढग असे सगळेच दिसे. बाबा यंत्रांच्या क्षेत्रातले. त्यांना हैदराबादच्या कामापेक्षा हे पाहण्यातच अधिक रस होता असा आईचा आरोप असे.

केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय या विमानात नाही. त्यामुळे ते फार उंच जाऊ शकत नाही. जेट विमाने ज्या ढगांच्या वरून निघून जातात, त्या ढगांमधून किंवा त्यांच्या खालून याला वाट काढावी लागते. चढता-उतरताना कानांना दडे बसत, म्हणून त्या गोळ्या आणि कापसाचे बोळे. हिवाळ्यात याचा फायदा असा की खाली सगळे स्पष्ट दिसते. दौंडचे रेल्वेचे रूळ, उसाचे चौकोन, भीमेची वळणे आणि मग उजनीच्या धरणाचे पसरलेले पाणी, असा क्रम बाबा एखाद्या कीर्तनकाराच्या थाटात सांगत. पावसाळ्यात मात्र विमान असे काही हलत असे की शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी एकदा डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केले ते सुमारे तीन आवर्तने थांबले नाही.

आता एकोणीस या आकड्याविषयी, कारण वायुदूतची सगळी गोष्ट त्यात आहे. हा आकडा कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. प्रवासी आसने एकोणिसाच्या वर गेली की विमानात सेवक कर्मचारी सक्तीचा होतो, असा जगभर मान्य असलेला नियम आहे. त्यामुळे जगातल्या कितीतरी छोट्या विमानांची रचना बरोबर एकोणिसावर येऊन थांबते. पण वैमानिक दोनच लागतात, विमान एकोणीस जणांचे असो की दीडशे जणांचे. दोन इंजिने दोन्हीकडे. उतरण्याची परवानगी देणारा मनोरा, अग्निशमनाची गाडी, इंधनाचा टँकर, तिकीट देणारा माणूस, सामान चढवणारा माणूस, हे सगळे दोन्हीकडे. दोन वैमानिकांचा पगार दीडशे तिकिटांत वाटला तर तो प्रवाशाला जाणवत नाही. एकोणिसात वाटला तर जाणवतो, आणि त्यातल्या सात खुर्च्या रिकाम्या गेल्या तर तो वाटताच येत नाही. त्यात मार्ग जितका आखूड तितके विमानाचे आयुष्य चढण्या-उतरण्यात जाते. इंजिनाला खरा ताण आणि खरे इंधन लागते ते वर चढताना, आणि चाके, ब्रेक, टायर झिजतात ते उतरताना. अर्ध्या तासाच्या उड्डाणात विमान सरळ जाण्याच्या बेतात येते न येते तोच खाली उतरायची वेळ होते. म्हणजे जिथे प्रवाशाकडून कमी भाडे घ्यायचे, नेमका तिथेच मैलामागचा खर्च सर्वांत जास्त.

हे गणित कोणत्याही हुशार व्यवस्थापकाला बदलता येत नाही. त्याला दोनच उत्तरे आहेत: भाडे तरी वाढवा, नाहीतर मधला फरक कोणीतरी भरा. वायुदूतला पहिले करू दिले नाही आणि दुसरे पुरेसे केले नाही.

उलट तिच्यावर गावे लादली गेली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विमान उतरावे असे कोणत्या लोकप्रतिनिधीला वाटणार नाही? विमान सुरू झाल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, ते बंद पडल्याचा येत नाही. ईशान्येसाठी काढलेली कंपनी बघता बघता देशभर पसरली, जोडलेल्या गावांची संख्या शंभराच्या घरात सांगितली जाऊ लागली, आणि आमच्याकडे पुणे व कोल्हापूर अशा ठिकाणीही तिची विमाने येऊ लागली. कोल्हापूरची धावपट्टी राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये करून ठेवलेली. तिला इतक्या वर्षांनी नियमित विमान मिळाल्याचा कोल्हापूरकरांना आनंद होणे साहजिकच होते. पण मूठभर विमाने इतक्या गावांना वाटली की एखादे विमान एका ठिकाणी अडकले तर त्या दिवशीची पुढची चार गावे ताटकळतात. वेळापत्रक विस्कटले की ज्याला खरोखर घाई आहे तो प्रवासी आधी निघून जातो, आणि पूर्ण भाडे देणारा प्रवासी तोच असतो.

पुण्याचा या गोष्टीतला वाटा तसा दुय्यम आहे, आणि तो दुय्यम का, हे सांगण्यासारखे आहे. लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे. नागरी विमानांना तिथे एका कोपऱ्यात पाहुण्यासारखे राहावे लागे, आणि आजही धावपट्टी हवाई दलाचीच आहे. मुंबईला जायला पुणेकराजवळ १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन होती. १९२ किलोमीटरचा तो प्रवास सव्वातीन तासांत, नाश्त्यासकट आणि ओळखीच्या मंडळींच्या संगतीत होत असताना लोहगावला तासभर आधी पोहोचून, सांताक्रूझला उतरून, पुन्हा टॅक्सीने फोर्टात जाण्यात कोणाचे किती भले होणार? मुंबईहून पुढे परदेशी जाणारे आणि कंपनीच्या पैशाने फिरणारे, एवढाच प्रवासी उरतो. हैदराबादची गोष्ट निराळी. तिकडे रेल्वेने रात्र जाई, आणि विमान दीड तासाच्या आसपास बेगमपेठच्या विमानतळावर नेऊन सोडी. छोट्या विमानाला शोभणारा मार्ग हाच: रेल्वेला दूर वाटावा आणि मोठ्या विमानाला किरकोळ वाटावा असा.

याच मार्गावर २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले. विमानातले अकराही जण गेले. तो शनिवार होता, पितृपंधरवडा चालू होता आणि बाबा घरीच होते. ते त्या विमानाने जाणार होते आणि ऐनवेळी राहिले, अशी काही गोष्ट माझ्याजवळ नाही. त्या आठवड्यात त्यांचा हैदराबादला जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण बातमी कळल्यावर ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले, एवढे मला आठवते. ज्या पाण्याचे वर्णन ते आम्हाला इतक्या हौसेने करत, त्याचे वर्णन त्यांनी त्यानंतर कधी केले नाही. पुढच्या खेपेला ते रेल्वेने गेले. आईने डबा थोडा जास्त भरून दिला. बोलले कोणीच काही नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १९८८ रोजी, वायुदूतचे फोकर विमान गुवाहाटीजवळ पडून ३४ जण दगावले होते. त्याच सकाळी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचा त्याहून मोठा अपघात झाल्यामुळे गुवाहाटीची बातमी खाली ढकलली गेली. छोट्या कंपनीच्या वाट्याला तेही तसेच आले.

त्यानंतरची घसरण फार सांगण्यासारखी नाही. १९९० च्या आखाती संकटाने इंधन महागले, खासगी कंपन्यांना आकाश खुले होऊ लागले, ईस्ट वेस्ट आणि जेटसारख्या कंपन्यांनी भरणाऱ्या मार्गांवर विमाने सोडली, आणि ज्या इंडियन एअरलाइन्सने वायुदूतला सांभाळायचे तिलाच आपला संसार सांभाळणे जड जाऊ लागले. १९९३ मध्ये वायुदूत तिच्यात विलीन करण्यात आली. उरलेसुरले आवरायला १९९७ उजाडले, आणि कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठतेचे खटले त्यानंतरही न्यायालयांत रेंगाळत राहिले. नाव वायुदूत, शेवटी वायुरूप झाली, असा विनोद आमच्या एका काकांनी तेव्हा केला होता आणि तो वर्षभर पुन्हा पुन्हा केला होता.

मी हे सगळे आता का लिहितो आहे, तर मध्यंतरी नाशिकला जाताना नारायणगावच्या पुढे वाहतुकीच्या कोंडीत दोन तास अडकलो, आणि शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, पुणे-नाशिक विमान का नाही?" होते, म्हटले. अगदी हल्लीच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये छोटी शहरे विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारची उडान योजना आली. त्यात निम्म्या जागांना साधारण तासाभराच्या उड्डाणासाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा होती, आणि वायुदूतच्या वेळी जो फरक कोणी पुरेसा भरला नाही तो व्यवहार्यता तफावत निधी या भारदस्त नावाने तीन वर्षे भरून देण्याची तरतूद होती. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने, म्हणजे किंगफिशरमध्ये गडप झालेल्या जुन्या कंपनीच्या नव्या अवताराने, डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई-जळगाव, मुंबई-नाशिक आणि नाशिक-पुणे अशी उड्डाणे सुरू केली. विमान बीचक्राफ्ट १९००डी. आसनांचा वर्ग पुन्हा तोच, एकोणिसाचा.

या वेळी पैशाचा विचार आधी झाला होता, हे मान्य केले पाहिजे. पण मुंबईच्या गजबजलेल्या धावपट्टीवर एवढ्याशा विमानाला उतरण्याची वेळ मिळवणे हीच एक लढाई होती. त्या एका वेळेत मोठे विमान दहापट माणसे उतरवते, मग विमानतळाने कोणाला आधी घ्यावे? नाशिक-पुण्याची अडचण निराळी. शहरातून लोहगावला जायचे, वेळेआधी पोहोचायचे, उडायचे, आणि ओझरला उतरून पुन्हा वीसेक किलोमीटर नाशकात यायचे, हे सगळे जोडले की पाच तासांच्या रस्त्यापुढे फायदा दीड-दोन तासांचाच राहतो, आणि विमानाला उशीर झाला तर तोही राहत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत एअर डेक्कनने सारी उड्डाणे थांबवली. मी त्या विमानात एकदाही बसलो नाही, याची चुटपुट आहे. बसायला हवे होते असे आपण बंद पडलेल्या गोष्टींबद्दलच म्हणतो, हेही खरे.

डॉर्निअर मात्र टिकले. कानपूरला ते अजून बनते. तटरक्षक दल, नौदल, हवाई दल सगळ्यांकडे आहे. १२ एप्रिल २०२२ रोजी अलायन्स एअरने एचएएलने बांधलेले सतरा आसनांचे डॉर्निअर आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला नेले, म्हणजे ज्या मुलखासाठी वायुदूत काढली होती तिथेच ते चाळीस वर्षांनी प्रवासी घेऊन परत गेले. ती बातमी मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. आता त्यांना ऐंशीच्या पुढे ऐकायला जरा कमी येते, तरी त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला, लांबट नाक ओळखले आणि विचारले, "उभे राहता येते का रे आता आत?"

नाही म्हटले. अंग तेच आहे.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि मोबाइल परत दिला.